लक्ष आणि हेतू : याहूच्या व्यूहरचनेचा अभ्यास

इंटरनेटवरील माध्यम कंपनीचा व्यवसाय वरवर पाहता वृत्तपत्राच्या व्यवसायासारखाच दिसतो. वाचकाला मजकूर किंवा सेवा फुकट अथवा अल्प किमतीत द्यायची, त्यातून मोठा वाचकवर्ग जमवायचा आणि त्या वाचकांपर्यंत पोहोचण्याची संधी जाहिरातदाराला विकायची, असे त्याचे सूत्र असते. ज्या बाजारात मध्यस्थ दोन वेगळ्या ग्राहकगटांना एकत्र आणतो आणि एका गटाची संख्या वाढली की दुसऱ्या गटाच्या दृष्टीने त्या मध्यस्थाचे मोल वाढते, त्याला अर्थशास्त्रात द्विपक्षीय बाजार म्हणतात. वृत्तपत्र आणि संकेतस्थळ ही दोन्ही त्याचीच उदाहरणे आहेत. मात्र छपाईचा खर्च, वितरणाचा पल्ला आणि पानांची संख्या या ज्या मर्यादांमुळे स्थापित वृत्तपत्राला नव्या स्पर्धकापासून संरक्षण मिळत असे, त्या इंटरनेटवर जवळजवळ नाहीशा होतात आणि जाहिरातीसाठी लागणारी जागा सर्वांकडेच विपुल होते. अशा स्थितीत दुर्मीळ अशा दोनच गोष्टी उरतात : एक म्हणजे वाचकाचे लक्ष आणि दुसरी म्हणजे त्याचा हेतू, अर्थात तो या क्षणी नेमके काय शोधतो आहे याची माहिती.

याहू या अमेरिकी कंपनीकडे एके काळी या दोन्ही गोष्टी जगातील बहुतेक कंपन्यांपेक्षा अधिक होत्या. तिच्या उदयाचा आणि ऱ्हासाचा अभ्यास यासाठीच उद्बोधक ठरतो. तिच्याकडे भांडवल, नाव, तंत्रज्ञ किंवा वापरकर्ते यांची वाण नव्हती. परंतु लक्ष ही आपली मालमत्ता आहे असे मानताना हेतूचा बाजार तिने बराच काळ दुसऱ्यांच्या हाती सोपवला, आणि त्या एका निवडीचे परिणाम पुढील प्रत्येक निर्णयावर उमटत गेले, असे या प्रकरणाचे प्रतिपादन आहे.

निर्देशिकेपासून प्रवेशद्वारापर्यंत

स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचे संशोधक विद्यार्थी असलेले जेरी यांग आणि डेव्हिड फायलो यांनी १९९४ च्या आरंभी आपल्या आवडीच्या संकेतस्थळांची एक विषयवार यादी तयार केली. मार्च १९९५ मध्ये तिची रीतसर कंपनी झाली, सिकोया कॅपिटल या गुंतवणूक संस्थेने तिला आरंभीचे भांडवल पुरवले आणि १२ एप्रिल १९९६ रोजी तिचे शेअर नॅसडॅक बाजारात दाखल झाले. १३ डॉलरला दिलेला शेअर पहिल्याच दिवशी ३३ डॉलरवर बंद झाला आणि मोजकेच कर्मचारी असलेल्या या कंपनीचे बाजारमूल्य सुमारे ८५ कोटी डॉलर ठरले.

याहूचे मूळ उत्पादन शोधयंत्र नव्हते, तर निर्देशिका होते, ही बाब व्यूहरचनेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. शोधयंत्रात संगणक स्वतः पाने वाचून त्यांची सूची बनवतो. निर्देशिकेत माणसे संकेतस्थळे पाहतात, पारखतात आणि योग्य वर्गात बसवतात. श्रीनिजा श्रीनिवासन यांच्या नेतृत्वाखालील संपादकांनी उभारलेले हे वर्गीकरण त्या काळात खरोखर उपयुक्त होते, कारण संकेतस्थळे थोडी होती आणि यंत्राने दिलेली उत्तरे फारशी विश्वासार्ह नव्हती. ज्या शोधासाठी निर्देशिका अपुरी पडे, तेथे याहू बाहेरून घेतलेले शोधयंत्र वापरत असे : आरंभीच्या वर्षांत अल्टाव्हिस्टा, १९९८ पासून इंकटोमी आणि जून २००० पासून गूगल. शोध ही वीज किंवा पाण्यासारखी बाहेरून विकत घेण्याची सेवा आहे आणि खरे मूल्य वापरकर्त्याशी असलेल्या नात्यात आहे, असा यामागचा हिशेब होता.

हे नाते घट्ट करण्यासाठी कंपनीने प्रवेशद्वाराचे, म्हणजे पोर्टलचे धोरण स्वीकारले. बातम्या, हवामान, शेअरचे भाव, क्रीडा, गप्पा आणि खरेदी एकाच ठिकाणी उपलब्ध करून वापरकर्त्याला तेथेच थांबवणे हा त्याचा गाभा होता. १९९७ मध्ये फोर-इलेव्हन ही कंपनी विकत घेऊन याहूने ई-मेलची सेवा सुरू केली. ई-मेलचा पत्ता एकदा मित्रांना आणि कार्यालयाला कळवला की तो बदलणे त्रासाचे असते. सेवा सोडताना ग्राहकाला सोसाव्या लागणाऱ्या या त्रासाला बदलखर्च म्हणतात, आणि याहूच्या दीर्घायुष्याचे श्रेय बऱ्याच अंशी याच बदलखर्चाला द्यावे लागते. हाच नमुना जगभर गिरवला गेला. भारतात मुंबईच्या रेडिफने बातम्या, ई-मेल आणि खरेदी यांची अशीच सांगड घातली आणि जून २००० मध्ये नॅसडॅकवर आपले शेअर आणले.

बॅनर जाहिरातीचे अर्थकारण

पोर्टलचे उत्पन्न प्रामुख्याने पानावर दिसणाऱ्या बॅनर जाहिरातींतून येत असे आणि त्यांची किंमत जाहिरात किती वेळा दाखवली गेली यावर, सामान्यतः दर हजार दर्शनांमागे ठरत असे. या पद्धतीत वापरकर्ता जितका अधिक वेळ आपल्या पानांवर राहील तितकी विक्रीयोग्य जागा वाढते. शोधाचे काम मात्र याच्या नेमके उलट असते, कारण चांगला शोध वापरकर्त्याला काही सेकंदांत दुसऱ्याच्या संकेतस्थळावर पोहोचवतो. वापरकर्त्याला रोखून धरण्यावर ज्या कंपनीचे उत्पन्न अवलंबून होते, तिला त्याला लवकर निरोप देणारी सेवा गौण वाटली. तिच्या हिशेबाच्या पद्धतीतून तसाच निष्कर्ष निघत होता.

तेजीच्या काळात या हिशेबातील दोष झाकला गेला. १९९९ मध्ये याहूने वापरकर्त्यांना फुकट संकेतस्थळे उभारू देणारी जिओसिटीज सुमारे ३.६ अब्ज डॉलरला आणि इंटरनेटवरून ध्वनिचित्रफिती प्रसारित करणारी ब्रॉडकास्ट डॉट कॉम ५.७ अब्ज डॉलरला विकत घेतली. हे व्यवहार फुगलेल्या शेअरच्या रूपात झाल्याने त्यांचा प्रत्यक्ष भार आकड्यांवरून वाटतो त्यापेक्षा कमी होता. पण सर्वसामान्य माणसांनी निर्माण केलेला मजकूर आणि इंटरनेटवरील चित्रफिती या दोन क्षेत्रांत, ज्यांतून पुढे फेसबुक आणि यूट्यूब उभे राहिले, याहू त्यांच्या बरीच आधी पोहोचली होती हे त्यांतून दिसते. वेगवान जोडण्या अजून घरोघरी पोहोचल्या नव्हत्या, आणि त्या पोहोचेपर्यंत या व्यवसायांना जोपासण्याची चिकाटी कंपनीने दाखवली नाही. ब्रॉडकास्ट डॉट कॉमच्या सेवा काही वर्षांतच बंद पडल्या, तर जिओसिटीज जपानबाहेर २००९ मध्ये बंद झाली.

जानेवारी २००० मध्ये याहूचे बाजारमूल्य १२० अब्ज डॉलरच्याही पुढे गेले होते. तथापि तिच्या जाहिरातदारांपैकी अनेक जण स्वतःच नवजात इंटरनेट कंपन्या होत्या आणि त्यांचा जाहिरातीचा पैसा गुंतवणूकदारांकडून आलेला होता. तेजी ओसरताच हा पैसा आटला, २००० मध्ये सुमारे १.११ अब्ज डॉलर असलेले याहूचे उत्पन्न २००१ मध्ये सुमारे ७१.७ कोटींवर आले आणि सप्टेंबर २००१ मध्ये शेअर आपल्या उच्चांकाच्या दहाव्या हिश्शाखाली घसरला. ग्राहकांची संख्या मोठी असली तरी ते सगळे एकाच स्रोताच्या पैशावर जगत असतील, तर ते उत्पन्न विविध मुळांचे मानता येत नाही, हा या पडझडीचा पहिला धडा होय.

शोध आणि हेतूचा लिलाव

याच सुमारास जाहिरातीची एक वेगळी पद्धत आकाराला येत होती. बिल ग्रॉस यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या गोटू डॉट कॉम या कंपनीने, जिचे नाव नंतर ओव्हर्चर झाले, शोधशब्दांचा लिलाव मांडला : एखादा शब्द शोधणाऱ्यासमोर आपली जाहिरात यावी म्हणून जाहिरातदार बोली लावी आणि कोणी क्लिक केले तरच पैसे देई. ‘स्वस्त विमान तिकीट’ असे टाइप करणारा माणूस आपला हेतू स्वतःच सांगत असतो. त्याच्यासमोर विमान कंपनीची जाहिरात ठेवणे आणि क्रिकेटचा धावफलक पाहणाऱ्यासमोर तीच जाहिरात ठेवणे यांच्या मोलात मोठा फरक आहे. बॅनर लक्ष विकतो, तर शोधजाहिरात हेतू विकते.

गूगलने २००२ मध्ये या लिलावात एक निर्णायक सुधारणा केली. ओव्हर्चरकडे सर्वाधिक बोली लावणारा वर येत असे. गूगलने बोलीला जाहिरातीवर क्लिक होण्याच्या शक्यतेची जोड दिली. समजा, एका जाहिरातदाराने क्लिकमागे १०० रुपयांची बोली लावली पण त्याच्या जाहिरातीवर शंभरांपैकी एकच जण क्लिक करतो, आणि दुसऱ्याने ४० रुपयांची बोली लावली पण शंभरांपैकी पाच जण क्लिक करतात. आकडेमोड सोपी राहावी म्हणून बोलीइतकीच किंमत वसूल होते असे धरले, तर शंभर दर्शनांत पहिल्याकडून १०० आणि दुसऱ्याकडून २०० रुपये मिळतात. दुसऱ्याला वरचे स्थान दिल्याने शोधयंत्राचे उत्पन्न वाढते, वापरकर्त्याला अधिक सुसंगत जाहिरात दिसते आणि चांगली जाहिरात करणाऱ्याला कमी बोलीतही जागा मिळते. तिन्ही पक्षांचे हित एकाच दिशेने वळवणारी ही रचना होती आणि गूगलच्या पुढील वर्चस्वाचा पाया तिनेच घातला.

हे घडत असताना याहूची स्थिती विलक्षण होती. २००१ च्या अखेरीपासून तिच्या शोधपानावरील निकाल गूगलकडून आणि जाहिराती ओव्हर्चरकडून येत होत्या, म्हणजे आपल्याच पानावरील सर्वांत मौल्यवान व्यवहारात ती केवळ जागा पुरवणारी होती. शिवाय गूगलचे नाव झळकवून ती आपल्या वापरकर्त्यांची भावी प्रतिस्पर्ध्याशी ओळखही करून देत होती. वॉर्नर ब्रदर्समधून आलेले टेरी सेमेल २००१ मध्ये प्रमुख झाल्यावर ही चूक त्यांच्या ध्यानात आली आणि तिच्यावरील उपायही त्यांनी योग्यच शोधला : सुमारे २३.५ कोटी डॉलरला इंकटोमी आणि २००३ मध्ये सुमारे १.६ अब्ज डॉलरला ओव्हर्चर विकत घेऊन शोध आणि लिलाव ही दोन्ही अंगे कंपनीने आपल्या मालकीची केली, तर फेब्रुवारी २००४ मध्ये गूगलचे शोधयंत्र बाजूला सारले.

योग्य अंगे हाती आली तरी त्यांची सांधेजोड मंद राहिली. जाहिरातीच्या गुणवत्तेनुसार क्रम लावणारी ‘पनामा’ नावाची नवी प्रणाली अमेरिकेत पूर्णपणे लागू व्हायला फेब्रुवारी २००७ उजाडला, म्हणजे गूगलच्या सुधारणेला तोवर पाच वर्षे झाली होती. लिलावाचा हा व्यवसाय स्वतःच्या यशावर वाढत जातो, कारण अधिक शोध म्हणजे क्लिकची अधिक माहिती, अधिक माहिती म्हणजे अधिक अचूक जाहिरात आणि अधिक अचूकता म्हणजे अधिक जाहिरातदार. अशा क्षेत्रात पाच वर्षांचा विलंब नंतर पैसा ओतून भरून काढता येत नाही. २००४ मध्ये याहूचे उत्पन्न ३.५७ अब्ज आणि गूगलचे ३.१९ अब्ज डॉलर होते. पुढच्याच वर्षी याहू ५.२६ अब्जांवर पोहोचली, तर गूगल ६.१४ अब्जांवर गेली. याहू वाढत होती, उत्तम वेगाने वाढत होती, आणि तरीही मागे पडत होती; वाढीचे आकडे व्यूहरचनेतील उणीव कशी लपवतात याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

पसरलेले भांडवल, विखुरलेली जबाबदारी

२००५ मध्ये याहूने छायाचित्रांसाठी फ्लिकर आणि दुव्यांच्या संग्रहासाठी डिलिशस या सेवा विकत घेतल्या. दोन्ही आपापल्या समूहांत लोकप्रिय होत्या आणि समाजमाध्यमांच्या उंबरठ्यावर उभ्या होत्या. परंतु कंपनीत याहू फोटोज आणि माय वेब अशा समांतर सेवा आधीपासूनच सुरू होत्या. नोव्हेंबर २००६ मध्ये ब्रॅड गार्लिंगहाउस या वरिष्ठ अधिकाऱ्याचे अंतर्गत टिपण प्रसिद्ध झाले. पावावर शेंगदाण्याचे लोणी पातळ थरात पसरावे तशी कंपनी आपली गुंतवणूक प्रत्येक संधीवर थोडी थोडी पसरते, एकच काम अनेक विभाग करतात आणि निर्णयाची जबाबदारी कोणाचीच नसते, असे निदान त्यात होते.

हा दोष केवळ व्यवस्थापनाच्या शिस्तीचा नव्हता. आपण माध्यम कंपनी आहोत की तंत्रज्ञान कंपनी, या प्रश्नाचे उत्तर निश्चित नसल्यामुळे कोणता प्रकल्प नाकारावा याची कसोटीच उपलब्ध नव्हती. माध्यम कंपनीत संपादक, निर्माते आणि जाहिरात विक्रेते हे केंद्रस्थानी असतात, तर तंत्रज्ञान कंपनीत अभियंते आणि त्यांनी उभारलेली समाईक यंत्रणा. दोन्ही मार्गांनी यश मिळू शकते. मात्र भरती, बढती, अंदाजपत्रक आणि वेळ यांची वाटणी या दोहोंत निराळी असते, आणि अर्धे पाऊल इकडे व अर्धे तिकडे ठेवल्यास दोन्हीकडच्या स्पर्धकांशी अपुऱ्या बळाने लढावे लागते.

नेतृत्वातील अस्थैर्याने यात भर घातली. जून २००७ ते जुलै २०१२ या काळात जेरी यांग, कॅरल बार्ट्झ, स्कॉट थॉम्पसन आणि मरिसा मेयर अशा चार जणांची प्रमुखपदी नेमणूक झाली. प्रत्येकाने नवी दिशा जाहीर केली आणि एकीलाही फळ येण्याइतका अवधी मिळाला नाही.

नाकारलेली किंमत

१ फेब्रुवारी २००८ रोजी मायक्रोसॉफ्टने याहूला शेअरमागे ३१ डॉलर, म्हणजे एकूण सुमारे ४४.६ अब्ज डॉलर देऊ केले. आदल्या दिवशीच्या भावापेक्षा ही किंमत ६२ टक्क्यांनी अधिक होती. पुढे ३३ डॉलरपर्यंत तयारी दाखवली गेली, याहूच्या बाजूने ३७ डॉलरची अपेक्षा पुढे आली आणि ३ मे रोजी मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. त्याच वर्षी गूगलबरोबर करू घातलेला जाहिरात करारही अमेरिकी न्याय खात्याच्या विरोधामुळे बारगळला, जागतिक वित्तसंकट कोसळले आणि नोव्हेंबरमध्ये शेअर १० डॉलरच्याही खाली गेला.

हा नकार म्हणजे संस्थापक यांग यांचा हट्ट, असे त्याचे सोपे स्पष्टीकरण दिले जाते. परंतु प्रश्न अधिक मूलभूत आहे. देऊ केलेली किंमत अपुरी आहे असे म्हणण्यासाठी स्वतंत्र राहून तेवढे मूल्य कोणत्या मार्गाने निर्माण होईल याची विश्वासार्ह योजना लागते, आणि ती याहूकडे नव्हती. २००९ मध्ये झालेल्या दहा वर्षांच्या कराराने तिने मायक्रोसॉफ्टचेच शोधयंत्र स्वीकारले. शोधजाहिरातीच्या उत्पन्नाचा मोठा वाटा, पहिल्या पाच वर्षांसाठी ८८ टक्के, तिच्याकडे राहणार असला, तरी २००३ मध्ये मोठ्या खर्चाने मिळवलेली क्षमता तिने पुन्हा दुसऱ्याच्या हाती दिली आणि शोध ही भाड्याने घेण्याची सेवा आहे या मूळच्या भूमिकेकडे ती परतली.

न चालवलेले व्यवसाय

याहूच्या इतिहासातील सर्वांत लाभदायक निर्णय तिने स्वतः न चालवलेल्या व्यवसायांशी संबंधित आहेत. १९९६ मध्ये मासायोशी सोन यांच्या सॉफ्टबँकेबरोबर भागीदारीत स्थापन झालेली याहू जपान स्थानिक व्यवस्थापनाखाली वाढली, ऑनलाइन लिलावात तिने ईबेला इतके मागे टाकले की २००२ मध्ये ईबेने जपानमधून काढता पाय घेतला, आणि २०१० मध्ये मूळ कंपनीच्या मार्गाने न जाता तिने गूगलचे शोधयंत्र निवडले. २००५ मध्ये याहूने १ अब्ज डॉलर आणि आपला चीनमधील व्यवसाय देऊन अलिबाबा या चिनी ऑनलाइन व्यापार कंपनीची सुमारे ४० टक्के मालकी घेतली. परक्या बाजारात आपली मुळे रुजत नाहीत हे ओळखून स्थानिक उद्योजकावर विश्वास ठेवण्याचा हा निर्णय उत्तम व्यूहरचनेचा नमुना म्हणावा लागेल.

परिणाम मात्र चमत्कारिक झाला. सप्टेंबर २०१४ मध्ये अलिबाबाचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आल्यावर विश्लेषकांनी याहूचे मूल्य घटकवार मांडायला सुरुवात केली. या पद्धतीत कंपनीच्या प्रत्येक मालमत्तेची किंमत स्वतंत्रपणे काढून त्यांची बेरीज केली जाते. अलिबाबा व याहू जपानमधील हिस्सा आणि हातातील रोकड यांची बेरीज काही काळ याहूच्या एकूण बाजारमूल्यापेक्षा अधिक भरत होती, म्हणजे भावी कराचा भार बाजूला ठेवल्यास कोट्यवधी माणसे रोज वापरत असलेल्या मूळ व्यवसायाला बाजार शून्याहून कमी लेखत होता. मेयर यांनी मोबाइलवर भर देण्याचा आणि २०१३ मध्ये १.१ अब्ज डॉलरला टंबलर हे समाजमाध्यम घेऊन तरुण वापरकर्ते जोडण्याचा प्रयत्न केला. पण कार्यप्रणाली, ब्राउझर किंवा समाजमाध्यम यांपैकी मोबाइलवरचे कोणतेही मोठे प्रवेशद्वार कंपनीच्या मालकीचे नव्हते, आणि टंबलरच्या किमतीपैकी निम्म्याहून अधिक रक्कम २०१६ पर्यंत हिशेबातून वजा करावी लागली.

अखेर जुलै २०१६ मध्ये मूळ व्यवसाय व्हेरायझन या दूरसंचार कंपनीला ४.८३ अब्ज डॉलरला विकण्याचे ठरले. त्यानंतर वापरकर्त्यांच्या माहितीची मोठी चोरी झाल्याचे उघड झाले. २०१३ मधील चोरीची झळ सर्व ३ अब्ज खात्यांना बसली होती हे तर विक्री झाल्यानंतर, २०१७ मध्ये स्पष्ट झाले. चोरी उघड झाल्यामुळे विक्रीची किंमत ३५ कोटी डॉलरने कमी झाली आणि जून २०१७ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. पुढे २०२१ मध्ये अपोलो या गुंतवणूक संस्थेने व्हेरायझनकडून एओएल या इंटरनेट कंपनीसह हा व्यवसाय सुमारे ५ अब्ज डॉलरला घेतला. त्याच वर्षी भारतात, डिजिटल वृत्तमाध्यमांतील परदेशी मालकीवर २६ टक्क्यांची मर्यादा आल्यानंतर, याहूने २६ ऑगस्टपासून बातम्या, क्रिकेट आणि अर्थविषयक मजकूर देणे थांबवले. ई-मेल मात्र चालू राहिली.

विश्लेषणाचे निष्कर्ष

या इतिहासातून इंटरनेट माध्यम कंपनीचे मूल्यमापन करण्यासाठी तीन कसोट्या मिळतात. पहिली अशी की उत्पन्नाचा हिशेब कंपनीला काय पाहू देतो आणि काय झाकतो हे तपासावे. पानावर घालवलेला वेळ हेच मोजमाप असलेल्या याहूला वापरकर्त्याला लवकर निरोप देणारी सेवा हीच सर्वांत मौल्यवान आहे हे उशिरा दिसले. दुसरी अशी की जी क्षमता वापरातून सुधारत जाते ती बाहेरून घेऊ नये, कारण तिच्या वापरातून मिळणारे ज्ञान पुरवठादाराच्या पदरी पडते आणि पुरवठादार कालांतराने प्रतिस्पर्धी होतो. तिसरी अशी की कंपनी काय करते यापेक्षा ती काय करण्याचे नाकारते हे पाहावे, कारण जिच्याकडे विपुल वाचक आणि विपुल पैसा आहे तिला प्रत्येक संधी परवडण्यासारखी वाटते आणि याच विपुलतेमुळे निवड पुढे ढकलली जाते.

मराठीसह सर्व भारतीय भाषांतील वृत्तमाध्यमे आज आपला वाचक शोधयंत्रे आणि समाजमाध्यमे यांच्या मार्फत मिळवतात, तेव्हा या कसोट्या त्यांनाही लागू पडतात. वाचक कोणत्या दाराने आला, त्याने काय शोधले आणि तो पुन्हा का परतला याची माहिती जर सर्वस्वी मध्यस्थाकडे साठत असेल, तर वाचकसंख्या कितीही वाढली तरी त्या वाढीचे मोल दुसऱ्याच्याच खात्यात जमा होते. वाचकाशी थेट नाते जोडणारी सदस्यता, ई-मेल किंवा स्वतःचे अ‍ॅप यांवर केलेला खर्च वर्षाच्या ताळेबंदात जड वाटला, तरी भविष्यातील स्वातंत्र्याची ती किंमत आहे. आणि पैसा व वाचक यांचा ओघ चालू असतानाच ती मोजणे शहाणपणाचे ठरते, कारण ओघ आटल्यानंतर ती मोजण्याची ऐपतही उरत नाही.